गोळीतला गहू शोधताना

सीलिॲकचे, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराचे, निदान झाले की घरातले स्वयंपाकघर महिन्याभरात नव्याने लावले जाते. कणकेचा डबा वेगळा होतो, पोळपाट-लाटणे वेगळे होते, सोया सॉसची बाटली बाद होते आणि बांधानी हिंगाच्या डबीवरचे बारीक अक्षर वाचून त्यात मैदा असल्याचा शोध लागतो. एवढे सगळे निस्तरल्यावर डोके ठणकायला लागते आणि प्रश्न पडतो, की आता ही गोळी घ्यायची की नाही? डोंबिवली स्टेशनबाहेरच्या मेडिकलमध्ये संध्याकाळच्या गर्दीत हा प्रश्न विचारला, तर उत्तर ठरलेले असते: ‘अहो, गोळीत कसला गहू?’ घरी येऊन इंटरनेटवर शोधले, तर नेमके उलटे सापडते. गोळ्यांमध्ये स्टार्च असतो, स्टार्च गव्हाचाही असू शकतो, सबब सगळ्याच गोळ्या संशयित. दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. गोळीत गव्हाचा अंश असू शकतो, हे खरे. पण उपलब्ध पुरावा पाहता तो असण्याची शक्यता कमी आहे, आणि असलाच तर त्याचे प्रमाण फार थोडे असते. म्हणून प्रत्येक दुखण्याला नव्याने ‘ग्लूटेन-फ्री’ शिक्का शोधत फिरण्यापेक्षा एक साधी, एकाच औषधाची, ठरावीक कंपनीची गोळी निवडावी, तिची एकदा लेखी खात्री करून घ्यावी आणि मग तीच धरून राहावी, हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. तो का, आणि प्रत्यक्षात कसा अवलंबायचा, हे इथे पाहू.

आधी स्ट्रिप उलटी करून वाचा. पॅरासिटामॉलच्या एखाद्या साध्या गोळीच्या मागे इंग्रजीत साधारण असा मजकूर असतो: ‘ईच अनकोटेड टॅब्लेट कंटेन्स पॅरासिटामॉल आय.पी. 650 एमजी, एक्सिपियंट्स क्यू.एस.’ शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ एवढाच, की गोळी बांधण्यासाठी जे काही पूरक पदार्थ लागले, ते लागतील तेवढे घातले आहेत. आपला सगळा प्रश्न त्या दोन शब्दांत दडलेला आहे आणि नेमके तेच उलगडून सांगितलेले नाहीत. बिस्किटाच्या पुड्याला हे चालत नाही. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर ग्लूटेन असलेल्या धान्यांचा उल्लेख करावाच लागतो, आणि ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणायचे असेल तर किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी लागते. गोळी मात्र अन्नाच्या नियमांखाली येत नाही. ती 1940च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि 1945च्या नियमांखाली येते. तिथला भर सक्रिय औषधाचे नाव, प्रमाण, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि तारखा यांवर आहे. गोळीला दिलेला रंगही लिहिलेला सापडतो. नोव्हेंबर 2022 मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि ऑगस्ट 2023 पासून खपात आघाडीवर असलेल्या 300 ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड आला. तो स्कॅन केला तर गोळीतला स्टार्च कशाचा हे कळेल, अशी आशा धरू नका. बनावट औषधे ओळखता यावीत हा त्या कोडचा हेतू आहे. नियमाने मागितलेल्या माहितीत नाव, उत्पादक, बॅच, तारखा, परवाना हेच आहे. पूरक घटक त्यात नाहीत.

या पूरक घटकांत नेमके असते काय? औषधाची पूड नुसती दाबली तर बहुतेक वेळा तिची धड गोळी होत नाही. ती बांधून ठेवायला काही लागते, पोटात गेल्यावर पटकन फुटायला काही लागते, यंत्राला चिकटू नये म्हणून काही लागते. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूंपासून येते. पोव्हिडोन, मॅग्नेशियम स्टिअरेट, टाल्क, क्रॉसकार्मेलोज, कोटिंगमधले हायप्रोमेलोज आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांचा गव्हाशी संबंध नाही. लॅक्टोज दुधातून येते. शंकेला जागा उरते ती प्रामुख्याने स्टार्च, प्रीजिलॅटिनाइज्ड स्टार्च, सोडियम स्टार्च ग्लायकोलेट आणि डेक्स्ट्रिन या चौघांपाशी, कारण ही नावे पदार्थ सांगतात, पण तो कोणत्या धान्याचा ते सांगत नाहीत. मका, बटाटा, तांदूळ, टॅपिओका, गहू यांपैकी कशापासूनही स्टार्च काढता येतो. आपल्याकडे औषधांसाठी सर्रास वापरला जातो तो मक्याचा. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यासारख्या ठिकाणी मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना आहे. सोडियम स्टार्च ग्लायकोलेट बहुधा बटाट्याच्या स्टार्चपासून करतात. माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव वाचून बरेच जण घाबरतात, पण जवापासून केलेल्या ‘माल्ट’शी त्याचे नाव सोडले तर काही साम्य नाही; ते मुख्यतः मक्यापासून करतात. उलट आजाऱ्याला ताकद यावी म्हणून गोळीनंतर प्रेमाने दिले जाणारे माल्टयुक्त पेय मात्र थेट जवाचे असते, आणि त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

आता आकड्यांकडे वळू, कारण भीती आणि बेफिकिरी दोन्ही आकडे न पाहिल्यामुळे वाढतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर 2017 मध्ये औषधांतल्या ग्लूटेनविषयी मार्गदर्शक मसुदा प्रसिद्ध केला. गव्हाचे ग्लूटेन किंवा गव्हाचे पीठ मुद्दाम पूरक घटक म्हणून घातलेले एकही तोंडाने घ्यायचे औषध आपल्याला ठाऊक नाही, असे त्यात म्हटले आहे. गव्हाचा स्टार्च वापरलेला असलाच, तर एका मात्रेत ग्लूटेन फार तर अर्धा मिलिग्रॅम भरेल, असा त्यांचा अंदाज आहे. आता अर्धा मिलिग्रॅम म्हणजे किती? ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून रीतसर विकल्या जाणाऱ्या पदार्थाच्या 30 ग्रॅममध्ये नियमानुसार 0.6 मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन असू शकते. इटलीतल्या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने घेतल्यावर आतड्याच्या अस्तराला इजा होते, असे आढळले. रोज 10 मिलिग्रॅमच्या आत राहिले तर बहुतेक रुग्णांना धोका दिसत नाही, असा ढोबळ निष्कर्ष त्यानंतर रूढ झाला. घरातले माप लावून पाहा. गव्हाच्या एका पोळीत ग्लूटेन दोन ग्रॅमच्या पुढे असते. बोटाला लागलेली चिमूटभर कणीक, म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग धरला, तरी तिच्यात आठ-दहा मिलिग्रॅम ग्लूटेन असते. म्हणजे सगळ्यात वाईट शक्यता धरून चाललो, तरी एका गोळीतून जाईल त्याच्या सोळा ते वीस पट ग्लूटेन ओट्यावर नीट न पुसलेल्या पिठातून जाऊ शकते. त्यामुळे आपली सावधगिरी सगळ्यात जास्त कुठे खर्च करायची, हे या हिशेबातूनच ठरते.

यावर पहिला आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. डॉक्टर सांगतात की आयुष्यभर ग्लूटेनचा कणही नको. मग अर्धा मिलिग्रॅम तरी का खपवून घ्यायचा? उत्तर असे, की ‘कणही नको’ हा वागण्याचा नियम आहे. तो तसाच कडक हवा, कारण थोडे चालते म्हटले की माणूस हळूहळू बरेच काही चालवून घेतो. पण आतड्याला इजा होते ती एकूण मात्रेने आणि रोजच्या सातत्याने. महिन्यातून दोनदा डोकेदुखीसाठी गोळी घेणारा आणि सांधेदुखीसाठी दिवसातून तीनदा घेणारा, यांचा हिशेब वेगळा. पहिल्याने रात्री अकरा वाजता ताप चढलेला असताना केवळ लेबलवर शिक्का नाही म्हणून गोळी नाकारणे हा अतिरेक आहे. दुसऱ्याने खात्री न करता महिनोन्‌महिने तीच गोळी घेत राहणे ही हयगय आहे, विशेषतः रक्तदाबाची, थायरॉइडची, कॅल्शियमची अशी आणखी चार औषधे रोज चालू असतील तर. शिवाय अर्धा मिलिग्रॅम हा अंदाज अमेरिकेच्या बाजारावरून बांधलेला आहे. आपल्याकडच्या प्रत्येक कारखान्याला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, असे कुणी म्हणाले तर तेही बरोबर आहे. म्हणूनच एकदा लेखी विचारण्याला अर्थ आहे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो: ‘अमुक गोळी घेतली की मला हमखास पोटदुखी होते, म्हणजे तिच्यात ग्लूटेन असणारच.’ त्रास खरा असतो. कारण मात्र वेगळे असण्याची शक्यता जास्त. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन ही औषधे स्वतःच जठराच्या आणि लहान आतड्याच्या अस्तराला दुखावतात. ज्याचे अस्तर सीलिॲकमुळे आधीच झिजले आहे, त्याला ती दुप्पट बोचतात. निदान नवीन असताना आतड्यातला दूध पचवणारा घटकही कमी झालेला असतो, त्यामुळे लॅक्टोजने पोट बिघडू शकते; एका गोळीतले लॅक्टोज थोडे असते, पण अशा पाच-सहा गोळ्या रोज असल्या तर फरक पडतो. पातळ औषधांतल्या सॉर्बिटॉलने जुलाब होतात, ते निरोगी माणसालाही होतात. आणि दुखत होते म्हणून गोळीबरोबर जी मऊ खिचडी खाल्ली, तिच्या फोडणीतला हिंग कुणी तपासलेलाच नसतो. गोळीवर आळ घेण्याआधी हे सगळे पडताळले पाहिजे. नाहीतर ‘ग्लूटेन नसलेली’ दुसरी डायक्लोफेनॅक शोधून तिनेही पोट दुखल्यावर माणूस हताश होतो.

याच कारणासाठी कोणती गोळी निवडायची हा प्रश्न ग्लूटेनच्याही आधीचा आहे. सीलिॲक असलेल्या प्रौढ व्यक्तीने साध्या डोकेदुखी-तापासाठी पहिली पसंती नुसत्या पॅरासिटामॉलला द्यावी. ते आतड्याच्या अस्तराला त्रास देत नाही, आणि गोळी एका औषधाची असल्याने तिची चौकशी करणेही सोपे जाते. मात्र पॅरासिटामॉल निरुपद्रवी आहे म्हणून कितीही चालते, असे मुळीच नाही. प्रौढांसाठी चोवीस तासांत चार ग्रॅम ही वरची मर्यादा आहे, म्हणजे 650च्या सहाच गोळ्या, त्याही दोन गोळ्यांमध्ये चार ते सहा तास सोडून. नव्याने निदान झालेल्या बऱ्याच जणांच्या रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढलेली सापडतात आणि वजनही उतरलेले असते. अशांनी ही मर्यादा डॉक्टरांना विचारून खाली आणावी. खरा घोटाळा मिश्र गोळ्यांमुळे होतो. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनबरोबर 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल, प्रोपिफेनाझोन आणि कॅफिन अशी तीन औषधे असतात. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतेच. सकाळी सर्दीची, दुपारी अंगदुखीची आणि रात्री तापाची अशा तीन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांमधून एकच औषध तिप्पट जाते. गव्हाच्या अंशासाठी स्ट्रिप भिंगातून पाहणाऱ्या घरातही ही बेरीज कुणी करत नाही.

पाळीच्या दुखण्यावर घराघरांत घेतली जाणारी मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिनची जोडगोळी, पाठदुखीवरची डायक्लोफेनॅक, ही औषधे मेडिकलमध्ये मागितली की बहुधा मिळतात, म्हणून ती ‘बिनचिठ्ठीची’ ठरत नाहीत. बिनचिठ्ठीची औषधे असा वर्ग आपल्या कायद्याने नीट आखलेला नाही. पण डायक्लोफेनॅक शेड्यूल एचमध्ये आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा तिच्या वेष्टनावर छापलेला असतो. सीलिॲकबरोबर रक्तक्षय असणे नेहमीचे आहे. आतड्यातून नकळत रक्त जात राहील असे औषध अशा माणसाने स्वतःच्या मनाने आठवडाभर घेणे म्हणजे एकीकडे लोहाच्या गोळ्या खायच्या आणि दुसरीकडे ते वाहून जाऊ द्यायचे. ही औषधे कधीच घेऊ नयेत असे नाही. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत पॅरासिटामॉल पुरत नाही हे कितीतरी जणींना माहीत आहे. ती घ्यायची तर डॉक्टरांना सीलिॲक आहे हे सांगून, पोटात काही असताना, ठरलेल्या दिवसांपुरती घ्यावीत. स्नायूंच्या आणि सांध्यांच्या दुखण्यात अनेकदा मलम किंवा जेलने काम भागते, आणि तिथे ग्लूटेनची चिंता जवळपास संपते. ग्लूटेन त्वचेतून आत शिरून सीलिॲक चाळवत नाही. ते पोटात जावे लागते. लावल्यावर हात धुवा, म्हणजे झाले.

गोळी ठरली की चौकशी. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. स्ट्रिपवर दोन पत्ते असू शकतात, एक ‘मार्केटेड बाय’ आणि दुसरा ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’. नाव मुंबई-बंगळूरच्या कंपनीचे असते आणि गोळी हिमाचलातल्या बद्दीत किंवा सिक्कीममध्ये, दुसऱ्याच कुणाच्या कारखान्यात बनलेली असते. एकाच ब्रँडची गोळी दोन-तीन ठिकाणी बनत असेल, तर पूरक घटकांचे पुरवठादारही वेगळे असू शकतात. म्हणून स्ट्रिपवर ग्राहकसेवेचा जो ईमेल असतो त्यावर लिहिताना ब्रँडचे नाव, गोळीची ताकद, बॅच क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक आणि दोन्ही पत्ते द्यावेत, स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो जोडावा आणि प्रश्न नेमके विचारावेत. या गोळीत गहू, जव किंवा राय यांपासून केलेला कोणता घटक आहे का? स्टार्च, सोडियम स्टार्च ग्लायकोलेट किंवा डेक्स्ट्रिन असेल तर ते कशाचे? कोटिंगमध्ये काय आहे? हे उत्तर सगळ्या कारखान्यांना लागू आहे का? ‘तुमची गोळी ग्लूटेन-फ्री आहे का?’ एवढाच प्रश्न विचारला, तर कंपनीचा कायदा विभाग सावध होतो आणि ‘आम्ही ग्लूटेनची चाचणी करत नाही’ असे उत्तर येते. ते वाचून बरेच जण गोळी टाकून देतात. पण त्या वाक्याचा अर्थ गोळीत ग्लूटेन आहे असा होत नाही. त्यांनी मोजलेले नाही, एवढाच होतो. याउलट ‘गहू, जव, राय यांपासून केलेला एकही घटक यात नाही’ असे उत्तर मिळाले, तर ते आपल्या कामाला पुरेसे आहे. अमेरिकी मसुद्यानेही कंपन्यांना वेष्टनावर याच धर्तीचे वाक्य छापायला सुचवले आहे.

उत्तर यायला वेळ लागेल, कधी येणारही नाही. मग त्या कंपनीशी हुज्जत घालण्यात महिना दवडू नका. पॅरासिटामॉल बनवणाऱ्या कंपन्यांना आपल्याकडे तोटा नाही. जी नीट उत्तर देते तिची गोळी घ्या. डोंबिवलीकरांना इथे एक सोय आहे. औषध कंपनीत उत्पादनात किंवा क्वालिटीत नोकरी करणारा माणूस इमारतीत किंवा नात्यात सहज निघतो. असा माणूस घटकांची नावे समजावून सांगू शकतो, कंपनीला लिहायचे पत्र नीट करून देऊ शकतो. फक्त त्याचे ज्ञान त्याच्या कारखान्यापुरते असते हे विसरू नये. एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात औषधाचा कच्चा माल बनवणाऱ्याचा स्टार्चशी संबंध येतच नाही. गोळ्या दाबणारा कारखाना वेगळा. ‘आमच्याकडे मक्याचाच वापरतात’ हे त्याचे म्हणणे दुसऱ्या कंपनीच्या गोळीला लागू करू नका. ऑनलाइन औषधविक्रीच्या संकेतस्थळांवर प्रश्नोत्तरांत ‘ग्लूटेन-फ्री: होय’ असे दिसले तरी तेवढ्यावर विसंबू नये, ते उत्तर कुणी आणि कशाच्या आधारावर दिले, याचा मागमूस तिथे नसतो.

खात्री केलेली गोळी मिळवताना मात्र दुकानात दोन ठिकाणी गाडी घसरते. एक म्हणजे बदली गोळी. ‘ती नाही, पण सेम कंटेंटची ही आहे’ असे म्हणून दुसरी स्ट्रिप पुढे सरकवली जाते. कंटेंट सेम असते ते औषधाचे. आपल्याला हवे असलेले उत्तर तर उरलेल्या घटकांत असते. इतर गिऱ्हाइकांच्या दृष्टीने दुकानदाराचे काही चुकत नाही, म्हणून त्याला कारण सांगून ठेवावे. घराजवळचे एकच मेडिकल धरले आणि ही अडचण एकदा समजावली, तर तो तीच कंपनी मागवून ठेवतो; फडके रोडवरून लोकल पकडायच्या घाईत घेतलेल्या गोळीबाबत हे होत नाही. दुसरे म्हणजे कापलेली स्ट्रिप. चार गोळ्या मागितल्या की कात्रीने तुकडा कापून मिळतो आणि बॅच, पत्ता, परवाना हे सगळे दुकानातल्या उरलेल्या तुकड्यावर राहते. वेदनाशामक गोळीची पूर्ण स्ट्रिप घेणे फार महाग पडत नाही, ती पूर्णच घ्यावी. हाच मुद्दा जनऔषधी केंद्रांनाही लागू होतो. तिथली औषधे स्वस्त असतात आणि ती घ्यायला काहीच हरकत नाही, पण ती निविदेतून वेगवेगळ्या कारखान्यांकडून येतात. वेष्टन तेच दिसले तरी आतला उत्पादक बदललेला असू शकतो. दर वेळी मागचा पत्ता ताडून पाहिला की झाले.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये मुले असलेल्या घरांत आणखी एक पर्याय कपाटात असतो: तिकडून आलेली मोठी बाटली. तिकडे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधाच्या वेष्टनावर किंवा माहितीपत्रकावर सगळे पूरक घटक छापलेले असतात, आणि युरोपात गव्हाचा स्टार्च असेल तर तसा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. त्यामुळे या बाटल्या वाचायला खरोखर सोप्या. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. तिकडच्या ब्रँडची घटकयादी पाहून त्याच नावाची इकडची गोळी सुरक्षित समजू नये, कारण देशागणिक कृती बदलते. आणि अमेरिकेच्या टायलेनॉलवर लिहिलेले ॲसिटामिनोफेन म्हणजे आपले पॅरासिटामॉलच. ती आणि घरातली क्रोसिन एकाच दिवशी घेतली तर वर सांगितलेली बेरीज पुन्हा चुकते.

‘मग ही ॲलोपॅथीची कटकटच नको, आयुर्वेदिक घेऊ’ असेही सुचवले जाते. आयुर्वेदिक औषधांच्या वेष्टनावर घटक तपशिलाने लिहिलेले असतात, हा त्यांचा फायदा खरा. पण वनस्पतिजन्य म्हणजे ग्लूटेनमुक्त, हे समीकरण चुकीचे आहे. यव म्हणजे जव, आणि गोधूम म्हणजे गहू. ही नावे यादीत दिसली तर ते औषध आपल्यासाठी नाही. सुट्ट्या चूर्णांबाबत दळणाच्या जागेचा प्रश्न येतो, तो पिठाच्या गिरणीसारखाच: आधी काय दळले गेले, हे कुणी सांगू शकत नाही. गोळी बांधायला काय वापरले, हा प्रश्न गुग्गुळाच्या वटीलाही विचारावाच लागतो.

लहान मुलांसाठी गोळीपेक्षा पातळ औषधच दिले जाते. तिथे स्टार्चचा प्रश्न सहसा नसतो, मात्र साखर, सॉर्बिटॉल आणि मात्रेचा असतो. मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते. सीलिॲक असलेले मूल वयाच्या मानाने बारीक असू शकते, म्हणून बाटलीवरच्या वयाच्या तक्त्यावरून औषध देऊ नये. ताजे वजन डॉक्टरांना सांगून मिलिलिटर लिहून घ्यावेत आणि बाटलीबरोबर मिळालेल्या मापानेच मोजावेत, घरच्या चमच्याने नाही. ताप असलेल्या मुलाला ॲस्पिरिन देऊच नये. त्याचा संबंध रे सिंड्रोम या गंभीर आजाराशी आहे.

शेवटी, हा सगळा खटाटोप कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही, हेही सांगितले पाहिजे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत उत्तरेकडच्या गटात सीलिॲकचे प्रमाण 1.23 टक्के आढळले, तर दक्षिणेकडच्या गटात 0.10 टक्के. भात-भाकरीच्या मुलखात हा आजार नसतोच असा समज त्यामुळे बळावतो, पण आज डोंबिवलीतल्या डब्यात रोज पोळीच असते. जुनाट जुलाब, न हटणारा रक्तक्षय, ठिसूळ हाडे अशी लक्षणे असतील तर आधी रक्ताची टीटीजी चाचणी करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत गहू चालू ठेवावा. आधीच सोडला तर चाचणी फसवी येते. वजन कमी करायला म्हणून ज्यांनी पोळी सोडली आहे, त्यांना गोळीतला स्टार्च तपासत बसण्याचे काहीच कारण नाही. गव्हाची ॲलर्जी हा मात्र निराळा आजार आहे. तिच्यात अंगावर गांधी उठणे, श्वास कोंडणे असे प्रकार काही मिनिटांत होऊ शकतात आणि वर केलेला मिलिग्रॅमचा हिशेब तिथे चालत नाही. अशा रुग्णाने गोळीबाबत ॲलर्जीच्या डॉक्टरांचेच ऐकावे. एखाद्या औषधाने त्रास झाल्याची शंका असेल, तर ती केवळ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून थांबू नका. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक आहे. फोन करताना स्ट्रिप हातात असू द्या, बॅच क्रमांक विचारला जाईल.